डोकं, मेहनत आणि पाचवीतले अपूर्णांक

“मॅडम, खरं सांगा. याले डोकं शे का नही? नही व्हई ते कामले लाई देसू.”

नववीची पहिली घटक चाचणी नुकतीच झाली होती. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमची शाळा. वडील चपला दाराबाहेर काढून आत आले होते. मुलगा त्यांच्या मागे, पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभा. टेबलावर त्याचा गणिताचा पेपर, वीसपैकी तीन. मी म्हणाले, “भाऊ, मेहनत केली तर सगळं जमतं.” वडिलांनी मान हलवली आणि पोराला घेऊन गेले. मी बोलले ते मलाच पटलेलं नव्हतं. या मुलाला गणिताचं डोकं नाही हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ‘मेहनत’ हा शब्द त्या दोघांना वाटेला लावण्यापुरता वापरला होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पण निकालाचे दिवस आले की हाच प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. हुशारी जन्मजात असते की मेहनतीने येते? फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज माणसाने १८६९ साली मोठ्या माणसांच्या वंशावळी मांडून ‘बुद्धी रक्तातूनच येते’ असं ठासून सांगितलं, तेव्हापासून यावर दीडशे वर्षं अभ्यास चाललाय. त्यातून पुष्कळ काही हाती लागलंय, पण ते आपल्या घरांपर्यंत आलेलं नाही. आपल्याकडे अजून दोनच वाक्यं चालतात: ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ आणि ‘मेहनती आहे बिचारी’. पहिलं आई अभिमानाने सांगते, दुसरं सांगताना आवाज थोडा खाली येतो.

आधी ‘जन्मजात’ म्हणजे काय ते बघू. त्यासाठी केळीच्या बागेत जावं लागेल.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. समजा तिथल्या एका शेतकऱ्याने टिश्यू कल्चरची पाच हजार रोपं लावली. ही रोपं एकाच झाडाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली असतात, म्हणजे त्यांचं मूळ जवळपास एकसारखं. तरीही कापणीला एका झाडाचा घड २५ किलोचा भरतो आणि दुसऱ्याचा १५ चा. का? ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पोचलं. पश्चिमेच्या बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी लावायची राहून गेली आणि तिथल्या झाडांची पानं मे महिन्याच्या झळांनी फाटली. एका कोपऱ्यात खाली मुरूम निघाला. या बागेत घडाघडांत जो फरक पडला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास शून्य.

आता शेजारचं ज्वारीचं वावर घ्या. बी घरचं, तीन-चार वाणांचं मिसळलेलं. जमीन मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी काळी, पाणी सगळीकडे सारखं. इथे एक कणीस टपोरं आणि एक हडकुळं निघालं तर तो फरक बियाण्याचा. इथे आनुवंशिकतेचा वाटा जवळपास शंभर टक्के.

‘पीक बियाण्याने येतं की पाण्याने?’ असं तुम्ही माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी तुम्हालाच बांधावर नेऊन उभं केलं असतं. दोघांतलं एक नसेल तर काहीच उगवत नाही. ‘दोन झाडांत फरक कशामुळे पडला?’ हा प्रश्न मात्र विचारता येतो, आणि त्याचं उत्तर त्या त्या वावराचं असतं. दुसऱ्या वावरात ते बदलतं.

शास्त्रज्ञ ‘शालेय गुण इतके टक्के आनुवंशिक असतात’ असं म्हणतात तेव्हा ते फरकाबद्दल बोलत असतात. हे मोजायला त्यांना जुळी मुलं उपयोगी पडतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची सरासरीने निम्मी. दोन्ही प्रकारची भावंडं एकाच घरात, एकाच वयात वाढतात. मग पहिल्या प्रकारच्या जोड्यांचे गुण दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांपेक्षा किती जास्त जुळतात, यावरून जनुकांचा वाटा काढतात. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या गुणांवर असा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुख्य विषयांतल्या गुणांच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा निघाला ५८ टक्के.

हा आकडा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, “बघा, अर्ध्याहून जास्त तर नशिबातच.” पण ज्वारीचं वावर आठवा. इंग्लंडमध्ये अभ्यासक्रम सगळीकडे जवळपास सारखा, शाळा नियमित भरणारी, पोटात अन्न, घरात वीज. जमीन सारखी झाली की उरलेला फरक बियाण्याचाच दिसणार. म्हणजे हा आकडा जास्त येणं हे काही अंशी शाळा सगळ्यांना सारखी मिळत असल्याची खूणही असते. आणि मुलाच्या १०० गुणांपैकी ५८ गुण जनुकांनी दिले, असा तर त्याचा अर्थ मुळीच होत नाही. एकट्या मुलाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

अजून एक गोष्ट, आणि ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. तेच मिसळलेलं ज्वारीचं बी निम्मं काळ्या जमिनीत टाका आणि निम्मं बरड्यावर. काळ्या वावरातल्या कणसांमधला आपसातला फरक बियाण्याचा. बरड्यावरल्या कणसांमधलाही बियाण्याचाच. पण काळ्या वावराची सरासरी आणि बरड्याची सरासरी यांत जे अंतर पडेल, ते पूर्णपणे जमिनीचं असू शकतं. म्हणून धडगावच्या आश्रमशाळेतली मुलं आणि नाशिकच्या एखाद्या नावाजलेल्या शाळेतली मुलं यांच्या निकालातल्या अंतराबद्दल ‘शेवटी रक्तच’ असं कुणी म्हणत असेल, तर जुळ्यांच्या अभ्यासाचा आधार त्याला घेता येणार नाही.

उंचीचं बघा. चांगलं खायला मिळणाऱ्या देशांत उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची गेल्या शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच, ताट बदललं. बुद्ध्यंकाच्या चाचण्यांचंही तसंच. जेम्स फ्लिन यांनी जुने निकाल तपासले, तेव्हा अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी सुमारे ३ गुणांची वाढ दिसली. दोन-तीन पिढ्यांत जनुकं इतकी बदलत नाहीत. शाळा, आहार, औषधपाणी, मुलांशी बोलण्याची पद्धत बदलली.

मग जनुकांचं काहीच नाही का? आहे, आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. वर्गात पंचवीस वर्षं उभी राहिलेली कुठलीही बाई सांगेल, काही मुलं एकदा सांगितलं की उचलतात. २०१८ साली ११ लाख लोकांची जनुकं तपासून माणूस किती वर्षं शिकतो याच्याशी नातं असलेली १,२७१ ठिकाणं सापडली. ही सगळी ठिकाणं मिळून, आणि इतर हजारो बारीक धागेही जमेला धरून, शिक्षणाच्या वर्षांतल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग सांगता आला. ते सगळे लोक युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे तो हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘हुशारीचं जनुक’ असं एक काही नसतं, एवढं मात्र त्यातून पक्कं झालं. बारीक बारीक हजारो धागे आहेत, आणि त्यांतले काही बुद्धीचे नसून चिकाटीचे, एका जागी बसून राहण्याचे आहेत.

इथे ‘बुद्धी की मेहनत’ हा वादच मोडतो. चिकाटीही थोडी जन्माने येते. आणि बुद्धीही थोडी सरावाने घडते, कारण ज्याला जे जमतं त्याच्या वाट्याला ते जास्त येतं. कापसाच्या वजनाच्या वेळी काट्याजवळ कोण उभं राहतं? घरातलं ज्या पोराला आकडे पटकन कळतात ते. त्याला दरवर्षी क्विंटल, किलो, भाव, तूट यांचा सराव मिळतो. धाकटी बोंडं वेचत राहते. पाच वर्षांनी घरचे म्हणतात, “थोरल्याचं डोकं पहिल्यापासूनच हिशोबात.” सुरुवातीचा फरक कदाचित दोन बोटांचा होता. तो हातभर झाला तो काट्याजवळ.

आता मेहनत. अँडर्स एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. सर्वांत चांगल्या वादकांनी लहानपणापासून एकट्याने, नेमून केलेला सराव सर्वांत जास्त होता. त्यातूनच पुढे ‘दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो’ ही म्हण जगभर पसरली. पण २०१४ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा अशा सरावाने सांगता येणारा फरक खेळांत १८ टक्के, संगीतात २१ टक्के, आणि शिक्षणात फक्त ४ टक्के निघाला.

चार टक्के! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खोटं वाटलं. पण विचार केला आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली. पहाटे चारला उठायची. विज्ञानाचं पुस्तक पिवळ्या पेनने इतकं रंगवलेलं की न रंगवलेली ओळ शोधावी लागे. पेपरात मात्र पंचेचाळीसच्या वर कधी गेली नाही. मी तिला म्हटलं, पुस्तक मिट आणि या कोऱ्या कागदावर कालचा धडा आठवून लिही. चार ओळी लिहून ती थांबली आणि रडायला लागली. तिने काम भरपूर केलं होतं, पण आठवायचा सराव कधीच केला नव्हता, आणि परीक्षेत नेमकं तेच करावं लागतं.

याचा नीट प्रयोगही झालेला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. निम्म्यांनी तो परत वाचला, निम्म्यांनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना ‘येतंय, येतंय’ असं वाटतं, ते फसवं असतं. आठवताना अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्यातूनच ते पक्कं बसतं. दुसरी गोष्ट, एकाच दिवशी पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास पाच दिवसांत वाटले तर जास्त टिकतं. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, क्लास लागत नाही. तरी आपण मुलांना ‘बैस अभ्यासाला’ म्हणतो आणि बसून काय करायचं ते सांगत नाही.

आता त्या नववीतल्या मुलाकडे येते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एसटीची वाट बघत मी फाट्यावर उभी होते. चहाच्या टपरीशेजारी मुकादम ऊसतोडीच्या टोळीला उचल वाटत बसला होता. तोच मुलगा वडिलांच्या शेजारी उकिडवा बसून गेल्या वर्षीचा हिशोब सांगत होता. रोज दीड टन, सहा दिवस, टनाला २७० रुपये, त्यातून २,००० उचल वजा. कागद नाही, पेन नाही. मोठ्याने म्हणत होता, नऊ टन झाले, दहाचे सत्तावीसशे, एकाचे काढा, चोवीसशे तीस, उचल गेली, राहिले चारशे तीस. मुकादम चारशेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी त्याला बोलावलं. वहीवर ३/२ × ६ लिहिलं. तो बघत राहिला. मी म्हटलं, “काल तू हेच केलंस. दीड म्हणजेच हे.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला काही भलतंच सांगतेय. मग मी १/४ + १/२ लिहिलं. त्याने वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, उत्तर लिहिलं २/६. मी वही मिटली आणि तोंडी विचारलं, “पाव आणि अर्धा मिळून किती?”

“पाऊण,” पापणी लवायच्या आत.

“मग वहीत वेगळं का आलं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कागदावर असंच करता ना, मॅडम?”

कागदावरचं गणित आणि जगातलं गणित ही दोन वेगळी दुकानं आहेत, दोन्हीकडचे नियम वेगळे, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याचा दाखला काढून जुन्या शाळेत चौकशी केली. पाचवीत असताना दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर गुजरातेत उसाच्या फडावर गेलेला, थेट होळीला परतलेला. त्याच चार महिन्यांत वर्गाने अपूर्णांकांची बेरीज केली होती. त्यानंतर बीजगणितात, गुणोत्तरात, शेकडेवारीत जिथे जिथे अपूर्णांक आला, तिथे तिथे तो पडत गेला. आणि चार वर्षं प्रत्येक शिक्षक, शेवटी मीही, त्याच्या पेपरावर लाल पेनाने लिहीत गेले, पण चूक कुठून येते ते कुणी बघितलं नाही.

तो एकटा नव्हे. १९८० च्या दशकात ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले, तेव्हा ९८ टक्के बरोबर आले. तीच गणितं कागदावर दिली तर ३७ टक्के. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचंही हेच दिसलं. उलट नुसत्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला साधा हिशोब जमेना. या मुलांना ‘डोकं नाही’ म्हणणाऱ्याने आधी बाजारात जाऊन यावं.

आपल्या वर्गांत ‘डोकं नाही’ याच्या आड काय काय लपलेलं असतं, ते शोधू लागलं की संपत नाही. भाषा घ्या. घरी अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी. ‘मला येतं’ ऐवजी ‘माले येस’ म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी हसं मिळालं, तर तो बोलणंच थांबवतो, आणि न बोलणारं मूल बाईंना मठ्ठ वाटतं. ऊन घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांच्या निकालांवरून २०२० साली दाखवलं गेलं की ज्या वर्षी शाळेचे दिवस जास्त तापतात, त्या वर्षी मुलं कमी शिकतात, आणि वर्गात एसी असेल तर हा परिणाम जवळपास दिसत नाही. घरातली चिंता घ्या. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना पैसे हाती येण्याआधी आणि आल्यानंतर त्याच प्रकारच्या बुद्धीच्या चाचण्या दिल्या, तर तोच माणूस पैसे आल्यावर जास्त चांगला ठरला. हा अभ्यास २०१३ चा. कापूस घरात पडून आहे आणि भाव नाही, अशा घरातल्या मुलाचं लक्ष वर्गात लागत नाही याचं मला आता नवल वाटत नाही.

आल्फ्रेड बिने या फ्रेंच माणसाने १९०५ साली बुद्धीची पहिली चाचणी बनवली, ती कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल हे कळावं म्हणून. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे या मताला त्याने स्वतः विरोध केला होता. तीच चाचणी पुढे मुलांवर शिक्के मारायला वापरली गेली.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, वावरात रचत गेल्या आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्याकडे आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. त्यांच्या काळात याच भागात अशा किती बाया असतील, ज्यांचं कुणी उतरवून घेतलं नाही, हा विचार मला वर्गात मुलींच्या बाकांकडे बघताना हमखास येतो.

कारण मुलींच्या बाबतीत आपण अजून एक गोष्ट करतो. मुलगा पहिला आला तर ‘हुशार’, मुलगी पहिली आली तर ‘खूप अभ्यास करते’. अमेरिकेत २०१७ साली लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की पाच वर्षांच्या मुली ‘फार हुशार माणूस’ म्हटल्यावर बाईच्या चित्राकडेही बोट दाखवतात, पण सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे कमी होतं, आणि ‘हुशार मुलांचा खेळ’ म्हटलं की त्या तो खेळ टाळू लागतात. एका वर्षात त्यांची बुद्धी कुठे गेली नव्हती. त्यांच्या कानावर काय पडलं, एवढाच बदल होता.

आणि हुशार म्हणून डोक्यावर घेणंही मुलांना बाधतं. १९९८ साली पाचवीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात सोपं कोडं सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू छान प्रयत्न केलास’. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अडल्यावर ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर खचली आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. हा प्रयोग करणाऱ्यांपैकी कॅरोल ड्वेक यांच्या ‘बुद्धी वाढवता येते हे मुलांना पटलं की ती जास्त शिकतात’ या विचाराचा पुढे फार मोठा गाजावाजा झाला. ‘मी करू शकतो’ असं भिंतीवर लिहिलं की निकाल सुधारतो, असंही लोक सांगू लागले. तसं होत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर त्या विचाराची नीट परीक्षा केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि मागे असलेल्या मुलांना फायदा झाला तो खरा पण थोडाच. अपूर्णांक शिकवायला कुणीतरी बसावंच लागतं.

आम्ही बसलो. नववीच्या उरलेल्या वर्षात, आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर अर्धा तास. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. त्याच्या आजीला ते जुने पाढे तोंडपाठ होते, ते तो घरी तिच्याकडून म्हणून यायचा, आणि आम्ही ते कागदावर आणायचो. तो काही बोर्डात आला नाही. दहावीला गणितात ५४ मिळाले आणि तो आयटीआयला गेला.

तीन वर्षांनी वडील पुन्हा आले, धाकट्या मुलीला आठवीत घालायला. याही वेळी चपला बाहेर, पण खुर्चीवर बसले. दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आनि हिनं कसं शे, मॅडम? हिले जमी का?”

मी म्हटलं, “ते नंतर बघू, भाऊ. आधी सांगा, ही तुमच्याबरोबर फडावर कोणकोणत्या वर्षी होती?”

त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीनेच बोटं मोजायला सुरुवात केली.